लस घेतल्या रात्रीपासून

अमेरिकेत फ्लूच्या प्रत्येक डोसवर पाऊण डॉलर कर बसतो आणि लशीने इजा झालेल्यांना त्यातूनच भरपाई मिळते, हे ऐकून नवल वाटलं. म्हणून न्यू जर्सीतल्या एका वकिलाकडे काम करणाऱ्या ताईंपाशी जाऊन बसले. ताई मिरजेच्या, पूर्वी नर्स होत्या. आता दाव्यांचे कागद लावतात.

१९८०च्या दशकात त्रिगुणी लशीवरून एवढे खटले झाले की कंपन्या लस बनवणंच सोडू लागल्या. मग १९८६चा कायदा आला. दावा कंपनीवर नाही, आरोग्यमंत्र्यांविरुद्ध करायचा. चूक कोणाची हे सिद्ध करायला नको. निकाल वॉशिंग्टनच्या कोर्टातले ‘स्पेशल मास्टर’ देणार.

ताईंपुढे एका बसचालक बाईंची फाइल होती. दंडावर सुई फार वर टोचली की खांद्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. ही इजा २०१७पासून भरपाईच्या अधिकृत यादीत आहे. दुखणं ४८ तासांच्या आत सुरू झालेलं हवं आणि सहा महिन्यांहून जास्त टिकलेलं हवं. बाईंना अजून वेणी घालता येत नाही. पण त्या डॉक्टरकडे गेल्या दोन महिन्यांनी, आणि डॉक्टरांनी घाईत टाइप केलं : ‘खांदा दुखतो, साधारण दोन आठवडे.’

“बाई म्हणतात, लस घेतल्या रात्रीपासून,” ताई म्हणाल्या. त्या ओळीखाली त्यांची पेन्सिल तिसऱ्यांदा फिरली. “दुखणं खोटं नाही हो. पण सरकारी वकील पहिलं बोट इथंच ठेवणार.”

मला त्या डॉक्टरांचा रागच आला. चूक सिद्ध करायला न लावणारा एवढा उदार कायदा, आणि त्याचं घोडं अडतं कोणाच्या तरी घाईच्या दोन शब्दांवर! गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीत रोग तीन, म्हणून कर तीनदा पाऊण डॉलर, सव्वादोन. जमा इतकी चोख. देताना मात्र वेदनेपोटी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, आणि हा आकडा १९८६पासून तसाच आहे.

ताईंना बाईंच्या फोनवर बहिणीला पाठवलेला एक मेसेज सापडला होता : हात वर जात नाही, कालच्या सुईने. लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांची मुदत त्याच महिन्यात संपत होती. ताईंनी बहिणीचं शपथपत्र मागवलं आणि वकिलांना दावा लगेच दाखल करायला सांगितलं. फिजिओथेरपीच्या नोंदी मागाहून जोडता येणार होत्या.