वनपर्यटन : आदिवासी मजूर की भागीदार?

भिवंडी - यंत्रमाग आणि गोदामांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीच्या ग्रामीण भागाचे रूप वेगळे आहे. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत; परिसरात वारली, कातकरी, मल्हार कोळी समाजांचे पाडे आहेत. मुंबई-ठाण्याचा पर्यटक मात्र देवदर्शन आणि रिसॉर्टमधील जेवण उरकून परततो. पाड्याच्या वाट्याला फार तर सफाईची रोजंदारी येते.

हे चित्र बदलू शकते, हे अकोले तालुक्यातील पुरुषवाडीने दाखवले आहे. महादेव कोळी समाजाच्या या गावात 'ग्रासरूट्स'च्या साथीने ग्रामस्थांनीच पर्यटन उभे केले. पावसाच्या तोंडावर काजवे पाहण्यास येणारे पाहुणे ग्रामस्थांकडेच जेवतात आणि वाटाड्याही गावातलाच असतो. त्यामुळे पैसा गावातच राहतो.

अशा व्यवसायाचे भांडवल म्हणजे जंगल. काजव्यांच्या अळ्या ओलसर जमिनीत वाढतात आणि नर-मादी प्रकाशाच्या खुणांनी एकमेकांना शोधतात. वाहनांचे दिवे आणि गवत तुडवणारी गर्दी यांमुळे हे चक्रच बिघडते. म्हणूनच पाहुण्यांची संख्या ठरवण्याचा अधिकार जंगलावर जगणाऱ्यांकडे असणे व्यवसायाच्याही हिताचे आहे.

कायद्याचा आधारही आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळू शकतो. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने भिवंडी तालुक्यातील ७२ गावे अनुसूचित क्षेत्रात आली. तेथे १९९६ चा 'पेसा' कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम ग्रामसभेला अधिक बळ देतात.

खरी अडचण घरापाशी येते. विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडणाऱ्या कातकरी समाजाच्या अनेक वस्त्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. शेवळे, करटोली यांसारख्या रानभाज्यांची जाण त्यांच्यापाशी आहे. मात्र पायाखालची जमीन नावावर नसेल, तर पाहुण्यांसाठी खोली बांधायची कशी आणि कर्ज मागायचे कशाच्या आधारावर? पर्यटनाच्या आराखड्याआधी घराखालच्या जागेचा प्रश्न सुटला नाही, तर लाभ पुन्हा जमीनमालकाकडेच जाईल आणि कातकरी त्याच अंगणात रोजंदारीवर राहील.