वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती

कर्मचाऱ्याने उपचारांवर केलेला खर्च शासनाने वा मालकाने भरून देणे. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेतलेली औषधे हा तीतील नेहमीच्या वादाचा विषय होय. औषध नियम, १९४५ अन्वये अनुसूची ‘एच’मधील औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. इतर काही औषधे विकता येतात. पण विक्री कायदेशीर म्हणून खर्च प्रतिपूर्तीस पात्र, असे नव्हे. महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ यांचा भर प्राधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आहे. त्यामुळे भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी शासकीय कर्मचाऱ्याने तापासाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांचा खर्च त्यालाच सोसावा लागतो. ही रक्कम किरकोळ खरी. परंतु दीर्घ आजारात अशीच रक्कम साठत जाते.

मालकाने भरून दिलेल्या खर्चावर वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत आयकर माफ असे. २०१८ मध्ये ही सवलत जाऊन ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आली. अमेरिकेत पगारातील करमुक्त रक्कम अशा खर्चासाठी राखून ठेवण्याची खाती आहेत. तेथे विनाचिठ्ठी औषधांना २०११ पासून असलेली चिठ्ठीची अट २०२० मध्ये रद्द झाली. तथापि मर्यादित उद्देशाच्या खात्यातून मुख्यतः दात व डोळे यांचाच खर्च भागतो : दाढदुखीवर लावण्याचे औषध त्यात बसते, डोकेदुखीची गोळी बसत नाही.