लेखणी आणि राजदूतपद : कार्ल रोवन

समाजातील एखादा मुलगा शिकून मोठ्या पदावर गेला की आपल्याला अभिमान वाटतो. त्याचबरोबर मनात एक प्रश्नही येतो. हे पद समाजाच्या उपयोगी पडेल, की त्याला समाजापासून दूर नेईल? अमेरिकेतील कृष्णवर्णीय पत्रकार कार्ल रोवन यांच्या जीवनात हा प्रश्न फार ठळकपणे दिसतो. म्हणून त्यांची ओळख आपल्या सभासदांना व विद्यार्थ्यांना करून देणे उचित वाटते.

दारिद्र्य आणि शिक्षण

रोवन यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२५ रोजी टेनेसी राज्यात झाला. त्यांचे बालपण मॅकमिनव्हिल या गावी गेले. वडील लाकडाच्या वखारीत मजुरी करीत, आई लोकांचे कपडे धुऊन देई. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. गावच्या ग्रंथालयात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तेव्हा मिस बेसी नावाच्या त्यांच्या शिक्षिका गोऱ्या लोकांकडून पुस्तके मिळवून मुलांना वाचायला देत. खिशात अवघे ७७ सेंट घेऊन हा मुलगा कॉलेजसाठी नॅशव्हिलला गेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने ज्या पहिल्या मोजक्या कृष्णवर्णीयांना अधिकारी केले, त्यांत रोवन होते. युद्धानंतर त्यांनी ओबर्लिन कॉलेजातून गणित विषयात पदवी व मिनेसोटा विद्यापीठातून पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेतली.

लेखणीचे सामर्थ्य

१९४८ साली ते 'मिनियापोलिस ट्रिब्यून' या दैनिकात लागले. १९५१ साली त्यांनी दक्षिणेकडील राज्यांत हिंडून तेथील बांधवांच्या स्थितीवर लेखमाला लिहिली. गुलामगिरीपासून आपण किती दूर आलो, हाच तिचा प्रश्न होता. १९५४ साली ते भारतात आले. येथे त्यांना जागोजागी अमेरिकेतील वर्णभेदाविषयी प्रश्न विचारले गेले. या प्रवासावर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले.

डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला. जानेवारी १९५६ मध्ये एका शनिवारी रोवन यांच्या हाती वृत्तसंस्थेची बातमी आली : तडजोड झाली, बहिष्कार संपला. रोवन यांना शंका आली. त्यांनी थेट मार्टिन ल्यूथर किंग यांना दूरध्वनी केला. अशी कोणतीही तडजोड झालेली नव्हती! किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्रीतूनच लोकांना सावध केले. रविवारी ती खोटी बातमी छापून आली, पण लोक फसले नाहीत. पुढे हा लढा ३८१ दिवस चालला व यशस्वी झाला. बातमी छापण्यापूर्वी ती पडताळून पाहणे एवढेच रोवन यांनी केले होते; पण त्याने एक चळवळ वाचली.

पद आणि त्याची मर्यादा

१९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांना परराष्ट्र खात्यात घेतले. हे उच्चपद हाती असतानाच वॉशिंग्टनच्या प्रतिष्ठित कॉसमॉस क्लबने त्यांना सदस्यत्व नाकारले. त्याच्या निषेधार्थ अमेरिकेचे तेव्हाचे भारतातील राजदूत, अर्थतज्ज्ञ गालब्रेथ यांनी क्लबचा राजीनामा दिला. जगापुढे अमेरिकेची बाजू मांडायला जो माणूस चालतो, तो राजधानीतील क्लबात मात्र चालत नव्हता.

१९६३ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, ते फिनलंडमध्ये राजदूत झाले. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना अमेरिकन माहिती संस्थेचे संचालक नेमले. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकांत बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. व्हिएतनाम युद्धात सरकारची बाजू जगाला सांगणे हा या कामाचाच भाग होता.

पुन्हा पत्रकार

१९६५ साली त्यांनी हे पद सोडले आणि पुन्हा लेखणी हाती घेतली. त्यांचे स्तंभलेखन देशभरच्या वृत्तपत्रांत छापले जाऊ लागले. मात्र १९६७ साली किंग यांनी व्हिएतनाम युद्धाला विरोध केला, तेव्हा याच रोवन यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. पद सुटले तरी पदाची दृष्टी सहजासहजी सुटत नाही, हे येथे मान्य करावे लागते. पण नागरी हक्कांच्या प्रश्नावर त्यांनी राज्यकर्त्यांची भीडभाड ठेवली नाही, हेही तितकेच खरे.

१९८७ साली त्यांनी वॉशिंग्टन परिसरातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी 'प्रोजेक्ट एक्सलन्स' ही शिष्यवृत्ती योजना सुरू केली. लेखनात व वक्तृत्वात प्रावीण्य दाखवणाऱ्या मुलांना त्यातून कॉलेजशिक्षणासाठी साह्य मिळे. २३ सप्टेंबर २००० रोजी त्यांचे निधन झाले.

राजदूतपद व संचालकपद मिळून त्यांच्याकडे जेमतेम अडीच वर्षे होते. लेखणी मात्र अर्धशतक राहिली. आपल्यापैकी पुष्कळजण नोकरीत आहेत, उद्या आणखी मोठ्या हुद्द्यांवर जातील. हुद्दा निवृत्तीच्या दिवशी परत करावा लागतो. विद्यार्थी मित्रांनो, वाचनाने व लेखनाने जे कमावाल, ते मात्र कोणी परत मागत नाही. त्यातला काही वाटा मागून येणाऱ्या मुलांसाठी ठेवावा, इतकेच रोवन यांच्या चरित्रातून घेतले तरी पुष्कळ आहे.