वाऱ्यावरची वरात सापडते का?

वाचनालयाच्या कार्यालयात पोर्टलचा डेमो चालू होता, आणि डेमो देखणा होता. पुस्तकांची मुखपृष्ठं, सभासदाचं खातं, मोबाईलवरून वर्गणी, घरबसल्या पुस्तक राखून ठेवायची सोय. कार्यकारिणीतले दोघे-तिघे खूश होते. ग्रंथपाल बाई गप्प होत्या. त्यांचं निम्मं आयुष्य देवघेवीच्या खिडकीत गेलेलं. त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि शोधाच्या चौकटीत टाईप केलं : वाऱ्यावरची वरात.

एकही पुस्तक नाही.

‘‘मॅडम, नमुन्याच्या दोनशे पुस्तकांत ते नसेल.’’

‘‘आहे ना. यादी खाली सरकवा.’’

यादीत पुलंचं नाव होतं, पुस्तकाचं नावही होतं, अक्षरन् अक्षर तेच. तरी शोधल्यावर मिळत नव्हतं.

तांत्रिक बाजू तपासायचं काम समितीनं माझ्यावर टाकलं होतं, कारण माझी नोकरी डेटाबेसची. सर्व्हर कुठला, सुरक्षा कशी, बॅकअप किती वेळा, असे प्रश्न मी लिहून नेले होते. पण बाईंचा हा प्रश्न त्या सगळ्यांच्या आधीचा होता, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. वाऱ्यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग ‘या’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत, आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. ‘ॲ’चं तेच. २००८ साली युनिकोडमध्ये हे अक्षर एकसंध आलं. त्याआधी ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून ते लिहीत, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच लिहितात. चांगल्या पोर्टलनं ही रूपं आतल्या आत एक करून मगच शोधायला हवं. हे आपोआप होत नाही, कुणीतरी मुद्दाम करावं लागतं. ज्यानं मराठी वाचकासाठी पोर्टल बांधलंय त्यानं ते केलेलं असतं.

दुसरी परीक्षा वर्णक्रमाची. कावळे, काशीकर, कासार, काळे ही आडनावं टाकली. काळे सर्वांत वर आले. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी बसवलाय, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. क्षीरसागर ‘क’च्या पोटात गेले होते. कार्ड कॅटलॉगच्या खणांत बोटं फिरवत वाढलेला वाचक ‘क्ष’ शेवटी शोधतो, आणि त्याचं बरोबर आहे. मराठीचा क्रम नीट लावणारे नियम तयार मिळतात, फक्त ते वापरायला हवेत.

हे सगळं मी इतकं लांबवून सांगतोय, कारण विक्रेत्याच्या स्वतःच्या डेटावर कुठलंच पोर्टल अडखळत नाही. आपली पुस्तकं, आपली आडनावं, जुन्या फॉन्टमधून बदलून घेतलेल्या आपल्या नोंदी त्यात घाला आणि मग बघा.

सुरक्षेची तपासणी त्या मानानं लवकर उरकली आणि तिनं जास्त घाबरवलं. एका सभासदाच्या खात्यात शिरलो. वरच्या पत्त्याच्या शेवटी ४१२ होतं, ते खोडून ४१३ केलं. दुसऱ्याच माणसाचा फोन, घरचा पत्ता आणि त्यानं नेलेली पुस्तकं समोर आली. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. वेब सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०२१ च्या यादीत पहिला धोका हाच आहे : ज्याला जे बघायचा हक्क नाही, ते त्याला दिसणं. कोण काय वाचतो ही आम्ही जपायची गोष्ट आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला नसता तरी ती जपायलाच हवी होती. त्या विक्रेत्याला मी तिथेच नाही म्हटलं.

दुसऱ्या विक्रेत्याकडे वरात सापडली, काळे जागेवर आले, ४१३ वर दार बंद मिळालं. पोर्टल ९९ टक्के वेळ चालू राहील असं करारात होतं. म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद राहिलं तरी करार मोडत नाही. ९९.९ मागितले, तर ते पावणेनऊ तासांवर येतं. सगळा संग्रह मार्क २१ या ग्रंथालयीन नमुन्यात केव्हाही बाहेर काढता येईल, हेही लिहून घेतलं. ते नसेल तर उद्या पोर्टल बदलताना हजारो पुस्तकं पुन्हा टाईप करावी लागतात.

राहिला बॅकअप. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही शिरलं. ती आठवण आमच्या प्रत्येक सभेत असते. ‘‘रोज रात्री बॅकअप होतो’’ एवढ्यावर मी समाधान मानलं नाही. कोरा संगणक ठेवला आणि म्हटलं, कालच्या बॅकअपमधून इथे वाचनालय उभं करून दाखवा. पन्नास मिनिटं लागली. बाईंनी दाखलनोंद रजिस्टर उघडलं आणि मनाला येतील ते पंचवीस दाखल क्रमांक एकेक करून विचारले. तेवीस बरोबर आले. दोन जुन्या स्मरणिकांची लांबलचक नावं मात्र मधेच तुटली होती. नावाच्या रकान्याला शंभर बाइटची मर्यादा होती. रोमन लिपीत त्यात शंभर अक्षरं मावतात. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला तीन-तीन बाइट लागतात, म्हणून तेहेतीसवर जागा संपते.

रकाना वाढवून पुढच्या शनिवारी ते परत आले. बाईंनी या वेळी पन्नास क्रमांक काढून ठेवले होते.