असं का? : तळ्याचं पाणी ढवळतं कोण?

भर वैशाखात विहिरीत उडी मारली, की वरचं पाणी कोमट आणि पायाशी एकदम गार लागतं. वाशीम शहराची तहान भागवणाऱ्या एकबुर्जीसारख्या जलाशयांतही, पाणी खोल असेल तिथे असे थर पडू शकतात.

थर कसे पडतात?
उन्हानं तापलेलं पाणी हलकं होतं आणि रश्श्यावरच्या तर्रीसारखं वरच राहतं. उथळ तळं वारा सहज ढवळतो. खोल पाण्यात त्याचा जोर वरच्या थरातच संपतो. मग हवेतला प्राणवायू तळाशी पोचत नाही आणि तिथला उरलासुरला प्राणवायू कुजणारा गाळ संपवतो. गाळातलं लोह, मँगेनीज, फॉस्फरस पाण्यात उतरतं. सडक्या अंड्यांसारखा वास येतो. फॉस्फरस वर आला, की शेवाळ फोफावतं.

थंडीचं काम
हिवाळ्यातल्या रात्री वरचं पाणी गारठून जड होतं, खाली जातं आणि तळ्याची घुसळण होते. रात्री उबदार झाल्या, थंडी आखडली, की ही घुसळणही कमी होते.

एवढ्याशा वाढीनं काय होतं?
जगातल्या २३५ तलावांच्या पाहणीत १९८५ ते २००९ दरम्यान पृष्ठभागाचं उन्हाळी तापमान दर दशकाला सरासरी ०.३४ अंश सेल्सियसनं वाढलेलं दिसलं. पण १० अंशांचं पाणी एका अंशानं तापून जितकं हलकं होतं, त्याच्या सुमारे तिप्पट ३० अंशांचं होतं. म्हणून विदर्भासारख्या उष्ण मुलखात किंचित वाढही थर पक्के करते.

उपाय आहेत: तळाशी हवा सोडणं आणि पाणी योग्य पातळीवरून उचलणं.