मधमाशीला फसवत नाही, पण आपल्याला फसवतं असं फूल

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, फुलाचे भाग शिकवताना फळ्यावर आपण बहुतेक जास्वंदच काढतो. बाहेर हिरवी निदलं, आत रंगीत पाकळ्या. मुलांचं पाठही होतं. पण कोकणात राहत असाल किंवा सहलीला जाणार असाल, तर किनाऱ्यावरचं एक फूल मुलांना जरूर दाखवा.

वाळूत, खाडीकाठी, खाजणाच्या बांधावर घोळीच्या भाजीसारखी जाड पानांची एक वनस्पती जमिनीलगत पसरलेली दिसते. शास्त्रीय नाव सेसुव्हियम पोर्टुलाकास्ट्रम. (त्यातलं पोर्टुलाका म्हणजे आपली घोळच. नाव पाठ करायला लावू नका!) मुळांतून येणारं मीठ ती पानांच्या पेशींत साठवते, त्यामुळे पाणीही तिथे टिकतं. म्हणून पान असं फुगलेलं.

फूल लहानसं, गुलाबी चांदणीसारखं. 'पाच पाकळ्या' असं लिहून मुलं वही मिटतील. तेव्हा फूल उलटं करून बघायला सांगा. मागची बाजू हिरवी! त्या पाकळ्या नव्हेतच, ती निदलं आहेत. आतून तेवढी रंगलेली. या फुलाला पाकळ्या नसतातच. कळी असताना हीच निदलं मिटून आतल्या भागांना जपतात आणि उमलल्यावर हीच कीटकांना बोलावतात. मला वाटतं, व्याख्येआधी 'हा भाग काय काम करतो?' हे विचारलं तर मुलं गोंधळत नाहीत.

मधमाशीला या नावांशी काय देणंघेणं! मधे पुंकेसरांचा दाट झुपका असतो, ती त्यातच शिरते. अंगावरच्या केसांना पराग चिकटतात. ते पायांनी विंचरून, थोड्या मधुरसाने भिजवून ती मागच्या पायांवर गोळा करते. केसांत राहिलेले पराग पुढच्या फुलाच्या कुक्षीवर पडतात. एका फेरीत ती सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते, म्हणून हे जमतं. 'ती आता कुठे गेली?' एवढा एकच प्रश्न मुलांना द्या. फूल दिवसा काही तासच उघडं असतं, तेव्हा चांगलं ऊन आल्यावर जा. थोडं लांबून, हात न लावता पाहायचं.

आणि किनारा स्वच्छतेच्या उपक्रमात हे 'गवत' उपटलं जाणार नाही, एवढं बघा. खोडाच्या पेरांना मुळं फुटतात आणि तीच वाळू धरून ठेवतात. फुलं सुकल्यावर पुन्हा जमलं तर जा: फळाचं टोपण डबीसारखं निघतं, आत काळ्या बिया असतात.