उपसा मोटारींचे दूरनियंत्रण : जोडणी आणि दक्षता

उपसा सिंचन योजनेत मोटारी नदीकाठच्या जॅकवेलवर आणि वितरणाचा हौद दूर चढावर असतो. रात्री वीज आली की पाटकऱ्याने काळोखातून जॅकवेल गाठावयाचे, हा कृष्णा-पंचगंगेच्या काठचा जुना परिपाठ होय. आता हौदापासून अथवा घरूनही मोटार चालू-बंद करता येते. ही सोय मोलाची खरी. परंतु दुरून चालू होणारी मोटार तिच्याजवळ काम करणाऱ्या माणसास पूर्वसूचना देत नाही. म्हणून जोडणीचा विचार करतानाच सुरक्षिततेचा विचार करणे अगत्याचे आहे.

जोडणीचे भाग

वीजपुरवठा व मोटार यांच्यामध्ये व्ही.एफ.डी. हे गती-नियंत्रक यंत्र बसवितात. ते विजेची वारंवारता बदलून मोटारीचा वेग कमी-अधिक करते. बहुतेक व्ही.एफ.डी.वर आर.एस. ४८५ पद्धतीच्या संदेशतारा जोडण्याची सोय असते. हे मानक १९८३ साली ठरले. संदेशांची भाषा बहुधा मॉडबस असते; ती १९७९ पासून प्रचारात आहे. या तारा नियंत्रक-पेटीकडे जातात आणि पेटीतील सिमकार्डाचा मोडेम मोबाईलच्या जाळ्यातून आज्ञा घेतो.

तारा ओढताना

संदेशाची तार पीळ दिलेल्या जोडीची व आवरणयुक्त असावी. ती एका यंत्राकडून दुसऱ्याकडे साखळीप्रमाणे न्यावी. मधूनच लांब फाटे काढू नयेत. साखळीच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा रोध जोडावा. संदेशाचा वेग कमी ठेवल्यास तारेची लांबी सुमारे १,२०० मीटरपर्यंत चालते. मोटारीच्या केबलीशेजारून ही तार नेऊ नये. ओलांडणे भागच पडल्यास काटकोनात ओलांडावी. प्रत्येक व्ही.एफ.डी.ला वेगळा क्रमांक द्यावा. दोन यंत्रांस एकच क्रमांक पडला, तर संदेशांचा गोंधळ होतो.

विजेची बचत किती?

केवळ पाइपातील घर्षणावर मात करावयाची असेल, तर वेग ८० टक्के केल्यावर शक्ती सुमारे ५१ टक्केच लागते. परंतु उपसा योजनेत पाणी उंच चढवावयाचे असल्याने एवढी बचत पदरात पडत नाही. वेग फारच उतरविल्यास पाणी हौदापर्यंत चढतच नाही व पंप मात्र तापतो. म्हणून किमान वेग प्रत्यक्ष चाचणी घेऊन ठरवावा.

प्राणरक्षणाचे नियम

१. जॅकवेलवर ‘स्थानिक–दूर’ असा निवड-स्विच असावा. तो ‘स्थानिक’वर असता दुरून आलेली आज्ञा लागू होता कामा नये.

२. तातडीने थांबविण्याचे लाल बटण स्वतंत्र तारांनी थेट जोडावे. ते संदेशजाळ्यावर अवलंबून ठेवू नये.

३. संपर्क तुटल्यास ठरावीक वेळाने मोटार आपोआप थांबावी आणि वीज परत आल्यावर आज्ञेवाचून चालू होऊ नये, अशी योजना करून घ्यावी.

४. दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावावे व किल्ली काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी. केवळ फोनवरून मोटार बंद करणे पुरेसे नव्हे. वीज तोडल्यावरही व्ही.एफ.डी.मध्ये काही वेळ धोकादायक दाब साठून राहतो. यंत्रावर लिहिलेला अवधी लोटल्याखेरीज झाकण उघडू नये.

फोनवर ‘मोटार चालू’ असे उमटले म्हणजे हौदात पाणी पडू लागले, असे समजू नये. फूटव्हॉल्व्ह गळत असल्यास पंप कोरडाच फिरतो. यासाठी पाइपावर दाबमापक बसवून त्याची खूणही नियंत्रकाकडे पाठवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी योजना ताब्यात घेण्यापूर्वी या चारही नियमांची चाचणी सभासदांसमक्ष घडवून आणावी. संदेशतार मुद्दाम काढून मोटार थांबते की नाही, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहावे. ही परीक्षा उतरल्यावरच काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करावी.